सुनेची जुळते

पंधरा दिवसांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या शेजारीणबाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाचे डायलिसिस सुरू होऊन सात महिने झाल्याचे माझ्या कानावर होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणून राहिले, आता किडनी ट्रान्सप्लांट करून घ्या. माझी शुगर निघाली, मी बाद झाली. सुनेची जुळते. पण ती काही बोलूनच नाही राहिली. तुम्ही दिली ना भावाला, तर एकदा येऊन तिला समजावून सांगा, काही होत नाही म्हणून."

मी येते म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ‘काही होत नाही’ हे शब्द बराच वेळ डोक्यात घोळत राहिले. साडेतीन वर्षांपूर्वी ते मलाही पुष्कळांनी ऐकवले होते, आणि ऐकवणाऱ्यांपैकी एकाच्याही पोटावर टाक्यांची खूण नव्हती. त्या मुलीला काय सांगायचे, या विचारात जे आठवत गेले ते लिहून ठेवते आहे.

माझा धाकटा भाऊ आजारी पडला तेव्हा ४३ वर्षांचा होता. रक्तदाबाची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून त्याने मधेच सोडून दिली होती, आणि वाढलेल्या रक्तदाबाने किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान करण्याचे काम वर्षानुवर्षे निमूटपणे केले. किडनी फार सोशिक. बरीचशी निकामी होईपर्यंत ती तक्रार करत नाही. पायांवर सूज आली, सकाळी ब्रश करताना उमासे येऊ लागले आणि जिना चढताना धाप लागली, तेव्हा कुठे रक्त तपासले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, साधारण एकच्या आसपास असायला हवे, ते ९.४ निघाले. गाळण्याची क्षमता पंधराच्या खाली गेली की तो शेवटचा, पाचवा टप्पा मानतात. त्याची सातवर आली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तो मला म्हणाला, "ताई, ऑफिसात काय सांगू?" त्या घडीला त्याला एवढाच प्रश्न पडला होता.

मग डायलिसिस लागले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केला होता. त्यावर बोट ठेवले की आत मांजर घुरघुरते आहे असे वाटे, आणि ते घुरघुरणे चालू आहे ना, हे तो रोज झोपण्यापूर्वी तपासून पाही. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, त्यातून रक्त काढू द्यायचे नाही, भाजीची पिशवीसुद्धा त्या हाताने उचलायची नाही. पाण्याचा हिशेब त्याहून कडक होता. दिवसभरात जेवढी लघवी होईल त्यात अर्धा लिटर मिळवायचा आणि तेवढेच पाणी प्यायचे. तेही नागपुरात, मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना. आई सकाळी एका बाटलीत त्याचे दिवसाचे पाणी भरून ठेवी आणि चहा, वरण, ताक दिले की तेवढे पाणी बाटलीतून काढून घेई. दुपारी कूलरसमोर बसून तो बर्फाचा एक खडा तोंडात धरी आणि तो विरघळेपर्यंत कोणाशी बोलत नसे.

संत्र्यांचेही तेच. संत्र्यात पोटॅशियम भरपूर असते. निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात फार साचले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. आमच्या दारावरून आंबिया बहाराची आणि नंतर मृग बहाराची संत्री हातगाडीवर येत राहिली आणि संत्र्यांच्या गावात जन्म काढलेल्या या माणसाने दोन्ही हंगाम नुसत्या वासावर काढले. बटाट्याच्या फोडीदेखील तासन्‌तास पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच त्याच्या भाजीत पडत.

प्रत्यारोपण म्हणजे नेमके काय, याविषयी आमच्या घरात सगळा गोंधळच होता, आणि मी गणिताची शिक्षिका असूनही त्या गोंधळात पुरती सामील होते. जुनी किडनी काढून तिच्या जागी नवी बसवतात, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जुन्या दोन्ही बहुधा जागच्या जागीच राहतात. नवी किडनी ओटीपोटात, बहुतेकदा उजव्या बाजूला, जांघेच्या जरा वर ठेवतात. तिच्या रक्तवाहिन्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला. म्हणजे आता माझ्या भावाच्या पोटात तीन किडन्या आहेत आणि त्यांतली एकच कामाची आहे. दुसरी समजूत अशी, की एकदा हे झाले की आजार संपला. तसे होत नाही. शरीर त्या परक्या अवयवाला जन्मभर परकाच मानते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. आणि एवढे करूनही जिवंत दात्याची किडनी सर्वसाधारणपणे पंधरा-वीस वर्षे चालते, मेंदूमृत, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबलेल्या, दात्याची त्याहून काहीशी कमी. हा हिशेब डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत कागदावर मांडून दाखवला. त्यांचे मला विशेष वाटले ते यामुळे, की आमचे चेहरे उतरलेले पाहूनही त्यांनी आकडा वाढवून सांगितला नाही.

प्रश्न उरला देणार कोण, हा. आई ६९ वर्षांची. ती तर पहिल्याच दिवशी पदर खोचून तयार होती. ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत तिची साखर सीमेपलीकडे गेली आणि तिला नाकारण्यात आले. त्या संध्याकाळी ती देवघरासमोर बसून अक्षरशः रडली, जणू काही तिच्या हातून चूक घडली होती. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. अशा वेळी तसाच पेच असलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते, २०११ च्या दुरुस्तीपासून अवयव प्रत्यारोपणाचा कायदा तशी परवानगी देतो; परंतु आम्हाला तसे कुटुंब मिळाले नाही. आणि मग आत्या, काका, आतेभाऊ असे सगळे बसलेले असताना कोणीतरी म्हणाले, "मग ताई आहेच की." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा रक्तगट ओ. ओ गट कोणालाही चालतो आणि रक्त देताना पाहतात ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह किडनीच्या बाबतीत पाहत नाहीत, एवढे ज्ञान तोवर सगळ्या खोलीला झालेले होते.

मला कोणी विचारले नाही, ही तक्रार मी त्या वेळी केली नाही आणि आजही फारशी करत नाही. भाऊ माझा, त्याला पाटीवर पाढे मीच गिरवायला लावले. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पुढचे दोन दिवस मी मनातल्या मनात नकाराची वाक्ये जुळवत होते, हे इथे कबूल करायला हवे. माझे वय ४९, मुलगी बारावीला, आमचे हे अबोल. त्यांनी एकदाच विचारले, "तुला पुढे काही झालं तर?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकांचेच प्रमाण फार मोठे आहे. आई, बायको, बहीण. पुरुष कमावता असतो, त्याला आजारी पडून चालत नाही, वगैरे कारणे सांगितली जातात. मला वाटते, खरे कारण हे की बाईने द्यायचे असते हे आधीच ठरलेले असते आणि ठरलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारत बसत नाही.

गंमत अशी, की जे घराने केले नाही ते दवाखान्याने केले. दात्याच्या तपासण्या मी समजत होते त्याच्या अगदी उलट हेतूने होतात. मला वाटे, ही किडनी भावाला चालेल का ते बघतात. तेही बघतात, पण त्याहून जास्त बघतात ते हे, की ही बाई एका किडनीवर उरलेले आयुष्य नीट काढू शकेल का, आणि जराही शंका आली तरी ते नाही म्हणतात. चोवीस तासांची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये जमा करायची असते. तो कॅन न्हाणीघरात ठेवला होता आणि आमच्या मोलकरणीने तो रिकामा करून, घासून, उन्हात पालथा घातला. सगळे पुन्हा करावे लागले. हृदय, फुप्फुसे, कावीळ-एचआयव्हीच्या चाचण्या, मॅमोग्राफी, मग रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. एका स्कॅनमध्ये डावी किडनी किती काम करते आणि उजवी किती, ते वेगवेगळे कळते. दोन्हींत फरक असेल तर चांगली दात्याकडे ठेवायची आणि उणी रुग्णाला द्यायची, असा नियम आहे. हे ऐकले तेव्हा या सगळ्या प्रकारावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला. माझ्या दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या, म्हणून डावी घ्यायचे ठरले. डावीची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते.

दोघांच्या पेशींवरच्या आनुवंशिक खुणा किती जुळतात ते सांगणारा मॅचिंगचा अहवाल मला माझ्या विषयातला वाटला. आईवडील आणि मूल यांचे निम्मे जुळते, हे ठरलेले. भावंडांचे तसे नाही: चारात एक शक्यता पूर्ण जुळण्याची, दोन निम्मे जुळण्याच्या आणि एक काहीच न जुळण्याची. आमचे निम्मे जुळले. त्यानंतर क्रॉसमॅच, माझ्या पेशींवर त्याच्या रक्तातला द्राव घालून, त्यात माझ्याविरुद्ध आधीच लढाऊ द्रव्ये तयार आहेत का ते पाहतात. अशी द्रव्ये पूर्वी घेतलेल्या रक्ताच्या बाटल्यांमुळे तयार होऊ शकतात, बाळंतपणांमुळेही. म्हणूनच डायलिसिसवरच्या माणसाचे हिमोग्लोबिन घसरले तरी शक्यतो रक्त चढवत नाहीत, इंजेक्शनांवर भागवतात. या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. आत्याला हे शेवटपर्यंत पटले नाही आणि निगेटिव्ह आल्याचा फोन केल्यावर ती हळहळत राहिली.

मग एके दिवशी मला एकटीला एका खोलीत बोलावले. भावावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी तिथे कोणी नव्हते. तिथे बसलेल्या बाईंनी दार लावून घेतले आणि विचारले, "तुम्हाला हे खरंच करायचं आहे का?" मी हो म्हणणार, तोच त्यांनी हाताने थांबवले. "आत्ताच सांगू नका. नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना एवढंच कळवू, की या दाता म्हणून योग्य नाहीत. कारण कुणाला सांगणार नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर गेल्यावरही तुम्ही नाही म्हणू शकता." त्यानंतर त्यांनी धोके सांगितले. दात्याचा जीव जाणे फार विरळा. अमेरिकेतल्या दात्यांच्या एका जुन्या मोठ्या पाहणीत तो आकडा दहा हजारांत सुमारे तीन होता. उरलेली किडनी काही महिन्यांत आपले काम वाढवते आणि आधीच्या एकूण क्षमतेच्या साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत पोचते. पुढे कधी आपलीच किडनी निकामी होण्याचा धोका किंचित वाढतो. रक्तदाब जन्मभर तपासत राहायचा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि बाई तरुण असेल, अजून मूल हवे असेल, तर दानानंतरच्या गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा धोका काहीसा अधिक असतो. "तुमचा तो प्रश्न नाही," म्हणून त्यांनी पुढचे पान उलटले.

मी बाहेर आले तेव्हा फार हलके वाटत होते. नाही म्हणायची वाट उघडी आहे हे कळल्यावर त्या वाटेने जाण्याची निकड कमी झाली, एवढेच मला त्याचे स्पष्टीकरण देता येते.

जगातले पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी केले; त्यांना पुढे १९९० मध्ये नोबेल मिळाले. रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक हे एकसारखे जुळे भाऊ, वय २३. जुळे असल्यामुळेच शरीराने किडनी नाकारली नाही, कारण नकार थोपवणारी चांगली औषधे तेव्हा नव्हतीच. यातला मला भिडलेला भाग शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीचा आहे. आजारी रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठवून घरी निघून जायला सांगितले, आणि रोनाल्डने उलट कळवले की मी आलो आहे आणि इथेच राहणार आहे. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला. रोनाल्ड २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी गेला. तोही गणिताचा शिक्षक होता, हे कळल्यावर मला उगीचच नातेवाईक सापडल्यासारखे वाटले.

माझ्या भावाने चिठ्ठी पाठवली नाही. डायलिसिसहून परतताना त्याला मागे बसवून मी स्कूटर चालवत होते आणि शंकरनगर चौकातल्या सिग्नलवर तो मागून म्हणाला, "ताई, माझं नाव यादीत आहे. मी थांबू शकतो. तू नको." यादी म्हणजे मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या अवयवांची. राज्यात चार विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत, त्यांपैकी एक आपल्या नागपुरात आहे, आणि दवाखान्यामार्फत तिथे नाव नोंदवून ठेवता येते. थांबणे किती काळाचे ते कोणी सांगू शकत नाही. फोन रात्री दोनलाही येऊ शकतो, एकाच किडनीसाठी एकापेक्षा अधिक रुग्णांना बोलावून ठेवतात आणि क्रॉसमॅच जमला नाही तर उपाशीपोटी परत यावे लागते. हे सगळे त्याला ठाऊक होते आणि तरीही तो नको म्हणाला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले. मी म्हणाले, "गप बस आता, घर येऊ दे." माझा होकार खऱ्या अर्थाने तिथे झाला.

पुढची तयारी बरीचशी कागदांची. १९९४ चा कायदा अवयवांचा बाजार रोखण्यासाठी झाला, म्हणून नाते सिद्ध करावे लागते. आणि लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या बाईला आपण आपल्या भावाची बहीण आहोत हे सिद्ध करणे किती अवघड असते, ते मला तेव्हा कळले. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचे जुने रेशनकार्ड, आणि एक फोटो: अंबाझरीच्या बागेत मी नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि कडेवर तो, नाक गळणारा. मुलाखत कॅमेऱ्यासमोर झाली. पैसे मिळणार आहेत का, कोणाचा दबाव आहे का, असे विचारले. माझ्या यजमानांनाही विचारले आणि त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असावे, सलग चार वाक्ये बोलून दाखवली.

घराचीही तयारी करावी लागली. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला बुरशीचे आणि धुळीचे भय असते, म्हणून रंगकाम आधीच उरकले, कबुतरांसाठी गॅलरीला जाळी लावली आणि त्याच्या खोलीतला खसचा कूलर काढून टाकला. नागपूरकराला त्याचा कूलर काढायला सांगणे म्हणजे काय, ते इथल्यांनाच कळेल. किडलेला दात काढला, कावीळ ब आणि न्यूमोनियाच्या लसी आधीच घेऊन ठेवल्या, कारण काही लसी नंतर देताच येत नाहीत आणि ज्या देतात त्यांचाही गुण कमी येतो. कुंडीतल्या मातीत हातमोजे न घालता हात घालायचा नाही, असेही सांगितले. रोज घ्यायचे त्याचे मुख्य औषध टॅक्रोलिमस, ते मात्र १९८४ मध्ये जपानातल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जंतूपासूनच सापडले आहे. ते बारा तासांच्या अंतराने, ठरल्या वेळी म्हणजे ठरल्या वेळी. रक्तातली लेव्हल तपासायची तर सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचे. जुलाब लागले तर लेव्हल चढते, एखाद्या साध्या अँटिबायोटिकनेही ती वरखाली होते. ग्रेपफ्रूट आणि पपनस कायमचे बंद. संत्रे मात्र, पोटॅशियम ताब्यात असेल तर, चालते.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे थोडेच आहे; मी झोपलेली होते. दुर्बिणीने करतात, तरी किडनी बाहेर काढायला बेंबीखाली बोटभर लांब चीर द्यावीच लागते. जागी झाल्यावर पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोटात भरलेल्या वायूमुळे तसे होते, हे आधी सांगितलेले असूनही मी घाबरले. भेटायला येणारे सगळे त्याच्याकडे जात. त्याची लघवी दर तासाला मोजली जात होती, तो आकडा मला फोनवर कळवला जाई आणि मीही क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा तो विचारी. चौथ्या दिवशी मी घरी आले. थकवा मात्र दोन महिने गेला नाही. फळ्यावर लिहिताना हात खाली यायचा. ‘काही होत नाही’मध्ये हे बसत नाही. माझे क्रिएटिनिन ०.८ होते, आता १.१ आहे, आणि दर वर्षी त्या तारखेला ते तपासायला जाताना पोटात गोळा येतो.

गेल्या रविवारी महालात गेले. बाईंनी पोहे केले होते. ते खाऊन झाल्यावर मी म्हणाले, "आम्ही दोघी जरा गच्चीवर बसतो." बाईंना ते आवडले नाही, पण त्या थांबल्या.

मुलगी तिशीची असेल. पदराखाली हात घट्ट धरून बसली होती. बराच वेळाने तिने विचारले, "टाके कुठे असतात?" मी पदर सरकवून दाखवले. तिने बोट लावून पाहिले. बोट गार होते. मग म्हणाली, "मला आणखी एक मूल पाहिजे होतं. हे आत्ता कुणाला सांगायचं?" मी तिला त्या बंद दाराच्या खोलीबद्दल सांगितले, तिथल्या बाईंनी जे पान उलटले होते त्याबद्दलही सांगितले. तू दे किंवा देऊ नको, असे काही मी म्हणाले नाही. आधी मूल, मग दान, असे होऊ शकते का, तोवर यांचे डायलिसिस कसे चालेल, हे प्रश्न तिने तिथे, एकटीने विचारावेत, एवढे सुचवले.

खाली आल्यावर बाईंनी लगेच विचारले, "मग? काय म्हणते?"

"तिचे काही प्रश्न आहेत, ते डॉक्टरांनाच विचारावे लागतील. तोवर मुलाचं नाव केंद्राच्या यादीत घातलं का?"

"यादी कशाला? सून आहे ना घरात."

मी म्हटले, तरी घालून ठेवा, आणि कागदपत्रे कोणती लागतात ते सांगू लागले. लिहायला काही दिसत नव्हते. बाई जागच्या हलल्या नाहीत. सुनेने भिंतीवरच्या कालनिर्णयाचे गेल्या महिन्याचे पान फाडले, आतून मुलाच्या दप्तरातली पेन्सिल आणली आणि माझ्यासमोर बसून स्वतःच लिहायला घेतले.